दोन दारांचं स्वयंपाकघर

१

नवं स्वयंपाकघर कागदावर काढायला बसण्याआधी मी गिऱ्हाइकाकडून हवेतला चहा करून घेते. जुनं सगळं तोडून झालेलं असतं, खोली रिकामी, भिंतीतून नुसते नळांचे पाइप डोकावत असतात. अशा खोलीत मी त्या बाईंना, किंवा बुवांना, मधोमध उभं करते आणि सांगते, डोळे मिटा आणि चहा करा. किटली घ्या, पाणी भरा, साखर काढा. लोक आधी लाजतात, मग हसतात, पण एकदा डोळे मिटले की हात आपसूक चालायला लागतात. कुणाचा हात साखरेसाठी वर जातो, कुणाचा खाली. तो जिथे थांबेल तिथे मी भिंतीवर खडूने फुली मारते. तोंडाने माणूस वाट्टेल ते मागतो, मासिकात पाहिलेलं मागतो, शेजारणीकडे आहे ते मागतो. हाताला मात्र काय हवं ते पक्कं ठाऊक असतं. माझ्या धंद्यातले लोक यावरून माझी टिंगल करतात. त्यांची गिऱ्हाइकं वर्षभरात कुरकुरायला लागतात आणि माझी लागत नाहीत, एवढं मला पुरे आहे.

माझ्या बहिणीच्या घरीही मी हेच केलं. धाकटी म्हणतो आम्ही तिला. लग्न मोडून ती माझ्याकडे आली तेव्हा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली ती किती तरी महिने उठलीच नाही. पुढे जरा हिंडूफिरू लागली, तरी माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायची आणि विचारायची, "मी मध्ये येतेय का गं?" मला त्या प्रश्नाचा संताप यायचा. मग हळूहळू ती सावरली, एका शाळेच्या ग्रंथालयात लागली, आणि जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तीन खोल्यांचं घर तिने स्वतःच्या हिमतीवर घेतलं. मला म्हणाली, "ताई, मला माझं स्वयंपाकघर करून दे." त्या दिवशी मी गाडीत बसून पोटभर रडले. हे स्वयंपाकघर जमलं तर ती पायावर उभी राहील, नाही तर पुन्हा माझ्या मागच्या खोलीत येऊन पडेल, असं मी मनाशी धरूनच बसले होते.

धाकटीचे हात छान चालले. किटली डावीकडे, साखर खांद्याच्या उंचीला, चमचे कमरेशी. मी फुल्या मारत होते. पाणी ओतता ओतता तिने एकदम कोपर पोटाशी घेतलं, भिंतीला चिकटली आणि श्वास धरून उभी राहिली. अरुंद जागेत पाठीमागून कुणी जात असलं की आपण करतो ना, तसं. मग श्वास सोडला आणि पुढे ओतायला लागली.

काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, कुठे काय? तिला कळलंच नव्हतं. सासरचं स्वयंपाकघर चिंचोळं होतं, शरीर विसरत नाही, जित्याची खोड, अशी मी माझी समजूत घातली. त्या जागेवर मी फुली मारली नाही.

२

त्या खोलीला दोन दारं होती. एक बैठकीतून आत येणारं आणि दुसरं समोरच्या टोकाला, कपडे वाळत घालायच्या गॅलरीत उघडणारं. दोन दारांचं स्वयंपाकघर म्हणजे माझ्या लेखी स्वयंपाकघरच नव्हे, तो बोळ. येणारा-जाणारा पाठीमागून जात राहतो आणि कपाट लावायला भिंत उरत नाही. बरं, त्या गॅलरीत झोपायच्या खोलीतूनही जाता येत होतं. मग हे दार हवं कशाला? मी ते विटांनी बुजवायचं ठरवलं, आणि त्याला लागून जमिनीपासून छतापर्यंत कपाट. धाकटीने तो कागद बराच वेळ हातात धरला. "दार ठेवलं तर चालणार नाही का?" तिने विचारलं. का हवंय, म्हटलं, तर तिला सांगता येईना. तुला योग्य वाटेल ते कर, म्हणाली. ती अशी गप्प झाली की आपण जिंकलो असं धरून पुढे जायचं, ही माझी लहानपणापासूनची रीत.

मिस्त्री माझे जुने, तोंडाने फटकळ आणि कामाला चोख. त्या दुपारी ते खांद्यावर प्लायवूडचा मोठा तक्ता घेऊन बैठकीतून आत आले. खोलीच्या मध्यावर थांबले, तक्ता उभा केला, अंगाशी धरला आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. जिन्यात वरून कुणी उतरत असलं की सामानवाला माणूस असाच थांबतो. मग तक्ता पुन्हा खांद्यावर घेऊन चालू लागले. मी विचारलं, कुणाला वाट देत होता? ते चिडून म्हणाले, तुम्हालाच की. मी गॅलरीत उपड्या बादलीवर बसले होते आणि तिथून हललेही नव्हते. हे सांगितल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जेवण जड झालं वाटतं म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.

हसले खरी, पण डोक्यात भुंगा लागला. दुसऱ्या दिवशी धाकटी शाळेत होती, मिस्त्री जेवायला गेले होते, तेव्हा मी एकटीने त्या खोलीत उभं राहून डोळे मिटले आणि हवेतला चहा केला. सिमेंटचा वास येत होता आणि गॅलरीचं दार वाऱ्याने चौकटीवर हलकेच आपटत होतं. बाकी काही नाही. पाठीमागून कुणी गेलं नाही, अंगावर काटा आला नाही, कोपर जिथल्या तिथे राहिलं. याचं मला तसं नवलही वाटलं नाही. मी वाट देणाऱ्यांतली नाहीच. समोरून माणूस आला तर तो सरकतो. नवरा म्हणतो, तू रस्ता ओलांडायला लागलीस की गाड्याच दोन्हीकडे बघून घेतात.

संध्याकाळपर्यंत दार बुजलं. शेवटची वीट बसली तेव्हा खोली एकदम गप्प झाली. वारा थांबला म्हणून असेल, असं मी म्हटलं. पण कुणी तरी बोलता बोलता तोडून टाकल्यासारखी ती शांतता होती आणि मला तिथे थांबवेना. मिस्त्रींना आवराआवर करायला सांगून मी खाली उतरले.

३

स्वयंपाकघर देखणं झालं, हे माझं मीच सांगते. फिकी हिरवी कपाटं, करड्या दगडाचा ओटा, ओट्यावर सिंक आणि सिंकसमोर खिडकी. बुजवलेल्या दारापाशी ते उंच कपाट असं बसलं होतं की तिथे कधी दार होतं हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. धाकटी पहिल्या दिवशी ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत चालली. मला वाटलं, जिंकलो.

मग तिचे फोन छोटे व्हायला लागले. आवाज खाली गेला. कधी येऊ विचारलं तर ये की, म्हणायची, पण ते "ये की" मागच्या खोलीतलं होतं, माझ्या ओळखीचं. एका रविवारी न सांगता गेले. तिने मला बैठकीतच बसवलं, चहा तिथे आणून दिला. तो उभ्या उभ्या पिऊन मी आत गेले.

सगळा संसार बैठकीच्या दाराकडच्या टोकाला येऊन बसला होता. शेगडी, किटली, बरण्या, ताटांवर ताटं, त्यावर सुरीपाट, एकमेकांच्या डोक्यावर चढलेलं. उरलेला ओटा, कपाटाकडचा, कोराकरकरीत. त्यावर एक चहाचा डागदेखील नव्हता. कपाट उघडलं तर आतल्या फळ्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मला राग आला. खरं तर भीती वाटली होती, पण माझ्या भीतीला राग होऊनच बाहेर यायची सवय आहे. एवढी जागा करून दिली ती काय शोभेला, म्हणून मी तोंड सोडलं.

"पुरतं मला एवढं," ती म्हणाली. "कुणाच्या मध्ये येत नाही, मग बरं वाटतं."

मी तिला दाखवायला म्हणून कपाटाशी उभी राहिले, दारं उघडून मिटून, बघ हात कसा सहज जातो वगैरे. आणि तेव्हा तो आवाज ऐकला. रांगेत फार वेळ उभा असलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, तेव्हा तळवा फरशीवर घासतो, तसा. थांबला. थोड्या वेळाने परत. अगदी माझ्या जवळ, माझ्या उंचीच्या माणसाचा असावा इतका साधा आवाज.

नवं लाकूड बसेपर्यंत बोलत असतं, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते आणि ते खोटं नाही. धाकटीलाही तेच सांगितलं. "हो, लाकूडच असेल," ती माझं मन राखायला म्हणाली. आम्ही दोघी पटकन बाहेर आलो आणि दुसऱ्याच गोष्टी बोलायला लागलो.

४

केलेल्या प्रत्येक स्वयंपाकघराचे मी फोटो काढून घेते. या वेळी एका मासिकालाही हवे होते. मला वाटलं, स्वतःचं घर छापून आलेलं पाहिलं की धाकटीला जरा उभारी येईल. माझ्या नेहमीच्या फोटोग्राफरना आम्ही तिरपे म्हणतो, कारण ते खोलीकडेच नव्हे तर माणसाकडेही मान तिरपी करून बघतात. ते सकाळच्या उन्हाला आले, ओट्यावरचं सगळं उचलून बैठकीत टाकलं आणि वाडगाभर लिंबं मांडली. ज्या घरात कुणी लिंबाला हात लावत नाही त्या घरातही फोटोत वाडगाभर लिंबं लागतातच.

ट्रायपॉड बैठकीच्या दारात उभा राहिला, लॅपटॉप माझ्यासमोर टेबलावर. काढलेला फोटो लगेच त्यावर उमटत होता. तिरप्यांचं काही तरी बिनसलं होतं. कपाटासमोरची जागा अंधारी येत होती. त्यांनी दिवा लावला, पांढरा पडदा धरला, दिवा दुसरीकडून लावला. तरी तेच. ते मान तिरपी करून बघत राहिले आणि म्हणाले, "सावली नाही ही. उजेड अडतोय. मध्ये माणूस उभं असलं की होतं तसं." मग स्वतःच हसले आणि लेन्स पुसायला लागले. मी हसले नाही.

शेवटी त्यांना चित्रात जिवंतपणा हवा म्हणून एक माणूस पाहिजे होतं. कॅमेऱ्याच्या पडद्याची उघडझाप सावकाश ठेवायची, म्हणजे खोली स्वच्छ येते आणि हलणारं माणूस धुरासारखं. मी धाकटीला शेगडी पुन्हा ओट्याच्या मध्यावर मांडून दिली, किटली ठेवली आणि बजावलं, हात हलव, पण पाय जागचे हलवू नकोस. ती बरं म्हणाली. तिरप्यांनी एकामागून एक फोटो काढले आणि दिवे गाडीत ठेवायला खाली गेले.

मी ते फोटो एकेक करून पाहिले. पहिल्यात धाकटी हवी तशी होती, हातांचा धूर, चेहऱ्याचा धूर, आणि किटलीची वाफ सरळ वर गेलेली. पुढच्यात ती कॅमेऱ्याच्या जरा जवळ होती. त्याच्या पुढच्यात अजून. मी टाइलच्या रेघांवर बोट धरून पाहिलं. कॅमेरा हलला नव्हता, लिंबं जागच्या जागी होती, धाकटी प्रत्येक फोटोत कपाटापासून लांब सरकत होती. शेवटच्यात तिचे हात धूर होते पण बाकी ती अगदी स्वच्छ आली होती, कारण बाकीची ती हललीच नव्हती. डोळे मिटलेले, कोपर पोटाशी, श्वास धरलेला. आणि किटलीची वाफ वीतभर वर जाऊन बाजूला वळली होती. कशाच्या तरी कडेकडेने, खांद्यावरून वळावी तशी वळून, मग पुन्हा सरळ वर गेली होती. खिडकी बंद होती.

मी तो फोटो पुसून टाकला. तिरपे वर आले तेव्हा सांगितलं, शेवटचा हलला होता.

५

चार दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला. धाकट्या ताईंनी ओट्यावरच्या खिडकीचे गज काढायला सांगितलेत, ते म्हणाले, काढू का?

चौथा मजला. मी जेवणाचं ताट तसंच टाकून निघाले. जिना चढताना मागच्या खोलीतले ते सगळे दिवस डोळ्यांपुढे येत होते, तिची पाठ, तिची न विंचरलेली वेणी. ती बैठकीत हात मांडीवर ठेवून बसली होती. मी आडपडदा न ठेवता विचारलं, तू काय करायला निघालीस? मला कशाची भीती वाटतेय हे तिला लगेच कळलं.

"तसं नाही गं, ताई. माझ्यासाठी नाही काढायचे ते."

"मग कुणासाठी?"

तिने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ते रोज जायचं. इथून आत यायचं, माझ्या पाठीमागून, आणि गॅलरीत. मी जरा अंग चोरायचे, ते जायचं. एवढंच. आता जाता येत नाही, म्हणून कपाटाकडे तोंड करून उभं असतं. मला भीती नाही वाटत. जागा पुरत नाही."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं होतं की. दार ठेवलं तर चालेल का म्हणून."

मी तिला जवळ घेऊन बसले. एक तर माझी बहीण पुन्हा आजारी पडत होती, नाही तर ती खरं बोलत होती. यांतलं कोणतं वाईट हे मला ठरवता येईना. डॉक्टरांना फोन करायचाच होता, तो मी केला, आणि त्यानंतर मिस्त्रींना केला. गजांना हात लावू नका म्हटलं, उद्या सकाळी पहार घेऊन या.

६

आपणच बांधलेलं आपणच फोडायचं म्हणून मिस्त्री सकाळभर पुटपुटत होते. कपाट निघालं, मग विटा. एकेक वीट पडत गेली तसा गॅलरीतला उजेड आत यायला लागला, आणि वारा. पाण्याचा नळ आणि शेगडी दोन्ही बंद ठेवली होती, ओट्यावर बोटभर धूळ होती. दार पुरतं मोकळं झाल्यावर मिस्त्री विटांची पोती घेऊन खाली गेले. त्या मोकळ्या चौकटीत मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले, काम संपल्यावर राहते तशी.

धाकटी आत आली. दाराकडे बघून तिचा चेहरा उजळला. "पाणी नाही, शेगडी नाही," ती म्हणाली. "तुला तुझाच तो हवेतला चहा पाजते." आणि डोळे मिटून ओट्याशी उभी राहिली.

तिचे हात चालू लागले. किटली घेतली, पाणी भरलं. पण लगेच कोपर आत यायला लागलं. थोडं, मग आणखी थोडं. ती भिंतीकडे झाली, कपाळावर आठी आली. मी नेहमीसारखीच काही न जाणवता बघत होते, आणि मग मला उमगलं. दार उघडलं होतं खरं, पण दारात मी उभी होते.

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी वाट दिली. चपला काढून, आवाज न करता, मागे सरकत गॅलरीत गेले आणि कठड्याला अंग लावून अगदी कडेला उभी राहिले. मी श्वाससुद्धा धरला होता. दोरीवरचे चिमटे वाऱ्याने हलत होते. माझ्या समोरून काही गेलं नाही. पण आत धाकटीचं कोपर सुटलं. हात सैल झाले, ती ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, साखर घेतली, चमचा घेतला, ढवळलं. कित्येक महिन्यांनी मी तिला अंग न चोरता वावरताना पाहत होते. माझे डोळे भरून आले. मी मनात म्हणत होते, जा बाबा, जे काय असशील ते, जा आता.

तिने कप भरला. डोळे मिटलेलेच होते. कप ओंजळीत धरून ती वळली, आणि मी मघाशी उभी होते त्या जागेकडे तिने तो पुढे केला.

"घे ताई. सांभाळून, गरम आहे."

मी बोलायला हवं होतं. मी इकडे आहे, एवढंच. पण मी कठड्याला तशीच चिकटून राहिले. तिचे हात तसेच पुढे होते, काही तरी तोलत. मग ते हलके झाले. हातातलं ओझं समोरच्याने घेतलं की हात आपसूक जरा वर येतात, तसे वर आले आणि बोटं सुटली.

धाकटी कान देऊन उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की तसं मी तिच्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"आवडला ना? मग जायची घाई कसली करतेस," ती म्हणाली. "आता इथेच राहा की."

दार उघडंच होतं, पण मला आत जायला जागा नव्हती.